खरा कोणाला वाटायला हवा?

परक्या मुलखात कामाला जाणाऱ्या माणसाची तिथल्या लोकांशी आधी लटकी गाठ घालून द्यायची, म्हणजे खऱ्या भेटीत तो तोंडघशी पडणार नाही, ही कल्पना संगणकाच्या पुष्कळ आधीची आहे. संगणकाने तिला चेहरा, आवाज आणि हालचाल दिली. आज तिला ‘सांस्कृतिक जाणिवेचं प्रशिक्षण’ असं भारदस्त नाव मिळालं आहे, आणि पडद्यावरचा इराकी पोलीस अधिकारी किंवा कॅफेत बसलेला अरब म्हातारा ही तिची प्रमुख पात्रं आहेत. ही पात्रं घडवणारे तंत्रज्ञ एक कसोटी वारंवार सांगतात, की पात्र खरं वाटलं पाहिजे. कसोटी योग्यच आहे. पण खरं कोणाला वाटलं पाहिजे, हे तिच्यात मोघम राहतं. गेल्या दोनशे वर्षांचा या उद्योगाचा इतिहास पाहिला तर सगळी मेख तिथेच आहे. शिकणाऱ्याला पटेल असं पात्र घडवणं फारसं अवघड नाही. ज्या लोकांचं ते सोंग आहे त्यांनाही पटेल असं पात्र क्वचितच घडलं, आणि जेव्हा घडलं तेव्हा त्याच्या हाताला स्वतःचं काहीतरी काम होतं, शिवाय लिहिणाऱ्यांत त्या लोकांपैकी कुणीतरी होतं.

सुरुवात कलकत्त्यापासून करता येते. १८०० साली गव्हर्नर जनरल वेलस्लीने तिथे फोर्ट विल्यम कॉलेज काढलं. विलायतेहून नुकते उतरलेले, मिसरूड फुटलेले मुलकी नोकर इथल्या भाषा शिकून जिल्ह्यांत जावेत, हा हेतू. बंगाली शिकवायला विल्यम केरी आला. हा मूळचा जोडे शिवणारा, पुढे बाप्टिस्ट मिशनरी झालेला आणि १७९३ पासून बंगालमध्ये मुक्काम ठोकून बसलेला माणूस. त्याने १८०१ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून ‘कथोपकथन’ हे संवादांचं पुस्तक काढलं. एका बाजूला बंगाली, समोर इंग्रजी. पहिल्या काही संवादांत साहेब हजर आहे : नोकर ठेवायचा आहे, हुकूम द्यायचे आहेत, मुन्शीशी बोलायचं आहे, बाग करून घ्यायची आहे. नोकर ‘जी’ म्हणतो आणि कामाला लागतो. त्याला घर आहे का, पोटापाण्याची काही विवंचना आहे का, कशाचा पत्ता लागत नाही. मग पुस्तक कूस बदलतं. साहेब दिसेनासा होतो. सावकार आणि ऋणको, घटक म्हणजे लग्नं जुळवणारा, बाजारहाट करणाऱ्या बायका, कोळी, मजूर, भिकारी, जमीनदार आणि रयत अशी माणसं आपापसांत बोलू लागतात, आणि एका प्रकरणात तर बायकांचं चांगलं कडाक्याचं भांडण आहे.

या दोन भागांतला फरक पुस्तक चाळणाऱ्यालाही जाणवतो. बंगाली वाङ्मयाचे इतिहासकार ज्याला बोलीतल्या गद्याचा सुरुवातीचा अस्सल नमुना म्हणतात, तो दुसऱ्या भागातला. केरीने प्रस्तावनेत सांगून टाकलं आहे की घरगुती विषयांवरचे संवाद त्याने इथल्या काही समंजस माणसांकडून, बोलणाऱ्याच्या स्वाभाविक ढंगात लिहवून घेतले. यामागे पंडित मृत्युंजय विद्यालंकार यांचा हात असावा असा अभ्यासकांचा तर्क आहे. तो खरा असो वा नसो, भांडणारी ती बाई कुठल्याही पाद्र्याला स्वतःच्या डोक्यातून काढता आली नसती. आणि ती शिकाऊ साहेबाच्या अधिक उपयोगाची होती. हुकूम कसे द्यायचे ते साहेब चार दिवसांत शिकतच असे. आपल्या पाठीमागे ही माणसं कशावरून भांडतात, कशासाठी कर्ज काढतात, हे त्याला कोणी सांगत नव्हतं. मराठीच्या वाट्यालाही हाच साचा आला. केरीचं मराठी व्याकरण १८०५ साली निघालं. त्याला पंडित वैजनाथांची मदत होती, आणि परिचित विषयांवरचे संवाद जोडल्याचं पुस्तकाच्या नावातच नमूद आहे. आपल्या भाषेतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांपैकी एक असं परक्याच्या तालमीसाठी जन्माला आलं, ही गोष्ट आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात जरा तळटीपेतच राहते.

यानंतरचं शतक-दीड शतक मुन्शी, परीक्षा आणि संभाषणाची गुटकी यांत गेलं, आणि त्यात नवं फार थोडं आहे. वळण येतं ते दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांपाशी. १९४३ साली अमेरिकी सैनिकांच्या खिशात इराकबद्दलची एक छोटी पुस्तिका देण्यात आली होती. काय करावं, काय टाळावं अशा सूचनांची. युद्धानंतर अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षण संस्थेत एडवर्ड हॉल हा मानवशास्त्रज्ञ शिकवू लागला. त्याच्या लक्षात आलं की मुत्सद्द्यांची गाडी अडते ती भाषणांत नव्हे, उभं राहण्याच्या अंतरात आणि वाट पाहायला लावण्याच्या मिनिटांत. १९५९ मधल्या त्याच्या पुस्तकाने हा विचार सर्वदूर नेला. साठच्या दशकात इलिनॉय विद्यापीठात फीडलर, ट्रायंडिस आदी मानसशास्त्रज्ञांनी त्याचा सराव बसवला. परदेशात घडलेला एखादा खटका थोडक्यात सांगायचा, समोरचा असा का वागला याची चार कारणं द्यायची, शिकणाऱ्याने एक निवडायचं, आणि चूक असेल तर ती का चूक हे वाचून पुन्हा निवडायचं. आजच्या बहुतेक संगणकी खेळांच्या पोटात हाच जुना सांगाडा आहे, वर कातडं नवं.

त्याच दशकातला आणखी एक प्रयोग माझ्या मते सगळ्यांत बोलका आहे. अमेरिकी सैन्यासाठी काम करणाऱ्या एका संशोधन संस्थेत एडवर्ड स्टुअर्टने परदेशी जाणाऱ्या सल्लागारांसमोर एक नट बसवला. हा नट कोणत्या देशाचा? कोणत्याच नाही. अमेरिकन माणूस ज्या मूल्यांना मानतो त्यांची यादी करून प्रत्येकाचं उलटं टोक घेतलं आणि त्या टोकांचा एक माणूस जुळवला. अमेरिकन कामाला महत्त्व देतो तर हा नात्याला. तो भविष्याकडे पाहतो तर हा परंपरेकडे. पद्धतीला नावच ‘कॉन्ट्रास्ट अमेरिकन’, म्हणजे अमेरिकनाच्या उलट. एका अर्थाने हा प्रांजळ प्रयोग होता. आपण कुणा खऱ्या माणसाचं चित्र काढतो आहोत असा त्याचा दावा नव्हता, शिकणाऱ्याला स्वतःच्या सवयी दिसाव्यात एवढाच हेतू होता. पण त्याने या साऱ्या परंपरेची एक खोड उघड्यावर आणली. शिकणाऱ्याच्या सोयीने घडवलेला परका माणूस शेवटी शिकणाऱ्याचीच उलटी प्रतिमा होतो. प्रयोगाच्या नावात हे कबूल केलं होतं. पुढच्या खेळांत कबुली गेली आणि प्रतिमा राहिली.

संगणकाकडे वळताना ‘खरं वाटणं’ हा आग्रह आला कुठून ते पाहायला हवं. जोसेफ वायझेनबॉमच्या ‘एलायझा’ने १९६६ साली दाखवून दिलं होतं की समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारला तरी माणूस यंत्राला समजूतदार ठरवतो. म्हणजे पटवून घ्यायला माणूस किती उतावीळ असतो ते कळलं. नव्वदच्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात जोसेफ बेट्सने ‘ओझ’ प्रकल्पात भावना असलेली पात्रं घडवायला घेतली. त्याने आदर्श मानला तो डिस्नेच्या चित्रकारांचा; फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये आपल्या कलेवर लिहिलेलं जाडजूड पुस्तक त्या वर्तुळात पोथीसारखं वाचलं गेलं. भावनांचं गणित ऑर्टनी, क्लोर आणि कॉलिन्स यांच्या १९८८ च्या मांडणीतून आलं : पात्राचं उद्दिष्ट काय, घडलेली गोष्ट त्याला साधक की बाधक, आणि त्यावरून आनंद, भीती, राग. या सगळ्यात खरेपणाचा निवाडा प्रेक्षक करतो. कार्टूनमधल्या सशाबाबत ते ठीकच आहे. सशांची हरकत येत नाही.

आपल्याकडचा बहुरूपी पोलिसाचं सोंग घेऊन दारात उभा राहतो तेव्हा त्याची परीक्षा कडक असते. घरमालकाने खरा हवालदार पाहिलेला असतो. टोपी वाकडी झाली, दरडावणी जरा कमी पडली, की पोरंसुद्धा हसतात. प्रशिक्षणातल्या पडद्यावरच्या पात्राला ही भीती नाही. त्याचा प्रेक्षक नेमका तोच असतो, ज्याने खरा माणूस पाहिलेला नाही. एखादं पात्र त्याला जितकं पटेल तितकी त्याची चुकीची समजूतही पक्की होण्याचा संभव. त्यामुळे डिस्नेच्या कलेतली कसोटी जशीच्या तशी उचलून इथे लावली की ती उलटीच पडते, आणि ते बराच काळ कुणाला टोचलं नाही.

२००३ मध्ये अमेरिकी फौजा इराकमध्ये शिरल्या आणि थोड्याच काळात दिसून आलं की शहर ताब्यात घेणं आणि शहरात राहणं यांत फार अंतर आहे. मग पैसा वाहू लागला. कॅलिफोर्नियाच्या मोजावी वाळवंटात फोर्ट आयर्विन इथे मदिना वासलसारखी नकली इराकी गावं उभारली गेली. गावकरी म्हणून अमेरिकेत स्थायिक झालेली इराकी माणसं पगारावर घेतली. प्रत्येकाला नाव, धंदा, नातीगोती ठरवून दिलेली, आणि प्रसंगाची सूत्रं लष्कराच्या हाती. २००८ च्या ‘फुल बॅटल रॅटल’ या माहितीपटात हे गाव तपशिलाने दिसतं. मला त्यातलं हे विशेष वाटतं की भूमिका दिलेली असूनही ही माणसं तिच्यात स्वतःचं काही ओततात. नकली अंत्ययात्रेत रडणारी बाई कोणाला आठवून रडते आहे ते पटकथेत लिहिलेलं नसतं. ही व्यवस्था खर्चिक होती, आणि सगळ्या पलटणींना वाळवंटात नेणंही शक्य नव्हतं. म्हणून संगणक.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात लुइस जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी, संरक्षण संशोधन खात्याच्या म्हणजे डार्पाच्या पैशावर, भाषा आणि रीतिरिवाज एकत्र शिकवणारे खेळ केले. सुरुवातीच्या लेबनानी अरबी धड्यातला एक प्रसंग जवळून पाहण्याजोगा आहे. अमेरिकी सार्जंट गावातल्या कॅफेत येतो. त्याला गावचा प्रमुख कोण ते हवं आहे. तिथे एक म्हातारा आणि एक तरुण बसले आहेत. शिकणारा मायक्रोफोनमध्ये अरबीत बोलतो, हातवारा निवडतो. नीट सलाम केला, आपण कोण, कशासाठी आलो हे सांगितलं, तर गप्पा पुढे सरकतात. थेट मुद्द्यावर आला, तर तरुण भडकून विचारतो, तू सीआयएचा माणूस आहेस का? मग म्हाताऱ्याकडून काही मिळत नाही. मेई सी, स्टेसी मार्सेला आणि डेव्हिड पायनडॅथ यांनी या पात्रांमागे जी यंत्रणा घातली तिच्यात म्हाताऱ्याला आणि तरुणाला आपापली उद्दिष्टं दिली होती. संभाषणाची रीत पाळणं हेही त्यांच्या उद्दिष्टांपैकी एक. पाठ केलेल्या उत्तरांपेक्षा ही पायरी पुष्कळ वरची. पण म्हाताऱ्याची सगळी उद्दिष्टं त्या सार्जंटच्या येण्याभोवतीच फिरतात. सार्जंट आला नसता तर तो कॅफेत कशाला आला होता, हे लिहिण्याची गरज कुणाला वाटलेली दिसत नाही.

त्याच विद्यापीठाच्या आणखी एका संस्थेने, जी अमेरिकी लष्कराने १९९९ मध्ये काढून दिली, ‘बायलॅट’ हा वाटाघाटींचा खेळ केला. अमेरिकेने बांधून दिलेल्या बाजारात गावकरी फिरकत नाहीत, हे का, ते अधिकाऱ्याने शोधायचं. भेटीआधी माहिती काढायची, भेटवस्तू निवडायची. मग काळा चष्मा आणि हेल्मेट उतरवायचं, चहा घ्यायचा, घरच्यांची ख्यालीखुशाली विचारायची आणि त्यानंतर कामाचं बोलायचं. प्रत्येक कृतीगणिक समोरच्याचा विश्वास वर किंवा खाली सरकतो. बाजाराची कल्पना चांगली आहे, कारण तिथे गावकऱ्यांना स्वतःचं कारण आहे आणि ते बाहेरून दिसत नाही. विश्वासाच्या काट्याने मात्र घात केला. चहा प्यायल्याने गुण मिळतात, असं शिकलेला अधिकारी प्रत्यक्षात चहा पिईल, आणि समोरच्याला ते गुणांसाठी प्यायल्याचं कळेल.

याच संस्थेच्या डॉक्टर पेरेझला मी या सगळ्या ताफ्यातलं सर्वांत खरं पात्र मानतो. इराकमध्ये एका सेवाभावी संस्थेचा दवाखाना चालवणारा हा डॉक्टर. शिकणारा झाला कॅप्टन; येऊ घातलेल्या लष्करी कारवाईमुळे दवाखाना दुसरीकडे हलवायला त्याला पेरेझचं मन वळवायचं आहे, पण कारवाईबद्दल मोकळेपणी बोलता येत नाही. डेव्हिड ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी २००५ च्या सुमारास याची मांडणी केली. पेरेझ आधी विषय टाळतो, त्याला रुग्ण पाहायचे आहेत. सोडत नाही म्हटल्यावर विरोध करतो : सैन्याच्या सांगण्यावरून हललो तर तटस्थ म्हणून मला कोण मानणार? आपलं काम चालू राहील अशी खात्री पटली तरच तो देवाणघेवाणीवर येतो. कॅप्टन आला नसता तरी पेरेझला दिवसभराचं काम होतं, आणि म्हणून त्याचा नकार नाटकी वाटत नाही. फक्त एक गोष्ट खटकते. या प्रयोगात स्वतःची तत्त्वं बाळगणारा पहिला माणूस इराकी नाही, परदेशी डॉक्टर आहे. इराकी गावप्रमुख अल-हसन पुढच्या आवृत्तीत आला. निर्मात्यांना डॉक्टरच्या मनात शिरणं सोपं गेलं असावं. तो त्यांच्यासारखाच शिकलेला, त्यांच्यासारखंच इंग्रजी बोलणारा.

यावर आक्षेप येतील, आणि ते पोकळ नाहीत. पहिला व्यवहाराचा : तीन आठवड्यांत रवाना होणाऱ्या शिपायाला म्हाताऱ्याच्या पोरीच्या लग्नाची काळजी कशाला हवी? त्याला चष्मा काढायला शिकवलं तरी एखादा गोळीबार टळेल. हे मान्यच करायला हवं. ठोकळेबाज का होईना, सूचना नसण्यापेक्षा बरी. पण मग ती सूचना म्हणूनच द्यावी, १९४३ च्या पुस्तिकेसारखी. पुस्तिका वाचणाऱ्याला ठाऊक असतं की हा कागद आहे. बोलणारा चेहरा समोर आला की वाचनाचा अनुभव होतो, आणि अनुभवावर माणूस अवाजवी भरवसा ठेवतो.

दुसरा आक्षेप शास्त्राचा : सामान्यीकरण टाळताच येत नाही, मग ते मोजमापावर का उभं करू नये? अनेक संशोधकांनी त्यासाठी खेर्ट हॉफस्टेडचे आकडे वापरले. आयबीएम कंपनीच्या निरनिराळ्या देशांतल्या नोकरांकडून १९६७ ते १९७३ दरम्यान भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवरून त्याने १९८० मध्ये देशांना गुण दिले. सत्तेतलं अंतर मुकाट मानण्याच्या मापात भारताला ७७. आता हा ७७ एखाद्या पात्रात घातला तर कोण तयार होईल? साहेबासमोर हात जोडणारा कारकून होईल कदाचित. ग्रामसभेत सरपंचाला धारेवर धरणारी बाई होणार नाही, आणि दोघंही एकाच तालुक्यात राहतात. आयबीएममधला नोकर म्हणजे देश नव्हे, हा ब्रेंडन मॅकस्वीनीने २००२ मध्ये घेतलेला आक्षेप अजून फिटलेला नाही. याहून प्रामाणिक वाट आउग्सबुर्ग आणि क्योटो इथल्या संशोधकांनी धरली. त्यांनी जर्मनीत आणि जपानमध्ये पहिल्या भेटींचं, वाटाघाटींचं चित्रण करून हात किती हलतात, अंग कसं सावरतात हे मोजलं आणि ते पात्रांत उतरवलं. काम कष्टाचं, आवाका लहान, पण आधी माणसं पाहिलेली. रूथ एलेट आणि युरोपातल्या सहकाऱ्यांनी तर स्थलांतरितांशी जुळवून घ्यायला शिकवण्यासाठी ‘ओरिएंट’ नावाचा कल्पित ग्रह आणि त्यावरचे स्प्राइट नावाचे प्राणी रचले. कुणाचीच बदनामी नको, हा त्यातला विचार समजतो. मात्र कुणाचीच नसलेली संस्कृती शिकणाऱ्याला दुरुस्त करू शकत नाही. चुकलास, असं त्याला सांगणार कोण? स्प्राइट तर नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आणि माझ्या म्हणण्यावरच उलटणारा : पात्र जितकं खरं, तितकी घुसखोरी सुकर. समाजशास्त्रज्ञांना लष्करी पलटणींबरोबर पाठवणाऱ्या ‘ह्यूमन टेरेन’ योजनेवर अमेरिकी मानवशास्त्र संघटनेच्या कार्यकारी मंडळाने ऑक्टोबर २००७ मध्ये नापसंती जाहीर केली, ती अशाच कारणांसाठी. केरीची भांडणारी बाईसुद्धा शेवटी कंपनी सरकारच्या कामी आली, हे विसरता येणार नाही. याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच म्हणता येतं की इराकी माणसांनी लिहिलेलं इराकी पात्र नकार देणार, आणि त्यातले काही नकार शिकणाऱ्याने काहीही केलं तरी फिटणार नाहीत. तुम्ही इथे आलातच का, असं विचारणारं पात्र लष्करी निविदेत बसणं कठीण. पेरेझसुद्धा अखेर राजी होऊ शकतो. खेळ जिंकता यावा लागतो.

या साऱ्याची एक उलट आवृत्ती आपल्या डोळ्यांदेखत घडून गेली. २००० नंतर मुंबई-पुण्याच्या कॉल सेंटरांत मराठी मुलामुलींनी अमेरिकी नावं घेतली, उच्चार घासूनपुसून बदलले, तिकडच्या मालिका पाहून विनोद आणि हवामानाच्या गप्पा शिकल्या. इथे सोंग घेणाराच शिकाऊ होता, आणि सोंगाचा निवाडा फोनपलीकडचा खरा अमेरिकन रोज शेकडो वेळा करत होता. बहुरूप्याच्या परीक्षेइतकी ती कडक होती. त्या मुलांना जे आलं ते कुठल्या खेळाने सार्जंटला शिकवल्याचं दिसत नाही.

आता भाषेच्या प्रचंड प्रारूपांवर चालणारी पात्रं आली आहेत. ती तास तासभर बोलतात, मेनूतून निवड करावी लागत नाही, नटाचा पगार नाही. अडचण जुनीच आहे, जरा मोठी होऊन आलेली. ही प्रारूपं वापरणाऱ्याला खूश ठेवायला घडवलेली असतात, त्यामुळे पेरेझसारखं टाळणं आणि अडून बसणं त्यांच्या अंगात मुळात कमी. आणि ती बोलतात ते लोकांबद्दल लिहिलं गेलेल्या मजकुरातून. मेळघाटातल्या कोरकू बाईचं पात्र त्यांच्याकडून करून घेतलं, तर कुपोषणावरचे अहवाल, बातम्या आणि शोधनिबंध तिच्या तोंडून बोलतील. त्यांतलं कोरकू बायकांनी लिहिलेलं किती? तरी नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरला ती पटेल, कारण त्यानेही तेच अहवाल वाचलेले असतात. असं पात्र तिथल्या आरोग्यसेवकांसाठी करायचंच झालं, तर पहिला खर्च चेहऱ्यावर आणि आवाजावर होता कामा नये. चार कोरकू बायकांना दिवसाची मजुरी देऊन बसवावं लागेल, प्रसंग त्यांना ऐकवावे लागतील, आणि आमच्यातली कुणी असं बोलत नाही असं त्यांनी म्हटलं की तो प्रसंग खोडावा लागेल. खोडण्याचा हा हक्क करारात लिहिलेला हवा, आणि मुदत संपत आली म्हणून तो वगळता येऊ नये.